गाडीवरून न उतरता

दुष्काळाच्या वर्षी आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमननं मला बोलावलं. "डेपोवर चारा वाटायचा वार गावोगाव कळंना झालाय. सोसायटीची मोटारसायकल घे, उमरग्याला जा, तिच्यावर बसंल असा लहान अँप्लिफायर आण. सोमवारपासून तूच पुकारायचं."

माझे पाय जमिनीला लागेनात. आपला आवाज दोन गावं ओलांडून जावा, ही माझी जुनी हौस! घरी वडलांना, आबांना, सांगितलं. ते दोरी वळत होते. हात थांबला.

"म्हंजी दवंडीच की."

दवंडी पूर्वी आमच्याच घराकडं होती. चावडीसमोर अनवाणी उभं राहून, मान खाली घालून हलगी वाजवायची. बौद्ध झाले त्या दिवशी आबांनी हलगी खाली ठेवली, ती कायमची.

"आबा, ही पगाराची नोकरी हाय. गाडीवर बसून बोलायचं."

"बसूनच बोल मग. कुणापुढंबी खाली उतरलास, तर ही गाडी माझ्या दारात आणायची न्हाय." आणि खात्री करायला स्वतःच मागं बसले.

उमरग्याच्या दुकानदारानं दोन पेट्या मांडल्या. मोठीवर मी "हॅलो" म्हणालो आणि हायवेवरचा ट्रकवाला मागं वळून बघू लागला. काय आवाज! जीव जडलाच. दुकानदार म्हणाला, "मागच्या कॅरियरवर बसते बघा. बटनं मागं येत्यात. उतरायचं, चालू करायचं, बोलायचं."

मागून आबा खाकरले.

दुसरी पेटी जेवणाच्या डब्याएवढी, पेट्रोलच्या टाकीवर बसणारी. बटण हाताशी. पण आवाज सर्दी झालेल्या बोकडाचा! वर इंजिन चालू असलं की भोंग्यातून नुसतं टर्रर्र. गाडी बंद करूनच बोलावं लागे.

मी या पेटीकडून त्या पेटीकडं येरझाऱ्या घालत राहिलो. लोकांना ऐकू गेलं नाही तर नोकरी जाणार, उतरलो तर घर बंद. चहा दोनदा झाला. दुकानदार वैतागला, "लगीन ठरवताय काय राव?"

शेवटी डबाच उचलला. रस्ताभर मनात मोठी पेटीच वाजत होती.

सोमवारी पहिल्याच गावात चावडीसमोर गाडी बंद केली. आबा मागं होतेच. वारा सुटला होता. मी घसा ताणून डेपोचा वार सांगितला. ओट्यावरच्या पाटलांनी कानामागं हात धरला.

"काय म्हणतोय रं? खाली उतर, हितं म्होरं येऊन सांग!"

माझा एक पाय सवयीनं टेकलाच होता. दुसरा रिकिबीवरून सुटायला बघत होता. पाठीला आबांचा गुडघा लागला. मी तो पाय परत रिकिबीवर रोवला आणि भोंग्यातून म्हणालो, "पाटील, यंत्र बारीक हाय. तुमीच जरा हिकडं या."

सगळ्यांनी पाटलांकडं बघितलं. पण पाटलांच्याही गोठ्यात जनावरं उपाशी होती. पाटलांनी चपला पायात सरकवल्या, ओटा उतरले, भोंग्यापाशी येऊन कान लावला. त्यांच्यामागं सगळी चावडी.

मी पुन्हा सुरू करणार, एवढ्यात माझ्या कमरेजवळून आबांचा हात पुढं आला. मला वाटलं, आवाज वाढवतायत.

त्यांनी बटण अजून थोडं बारीक केलं.