आखूड रायफलीचं गिऱ्हाईक

आमच्या घरी आलेला पुरुष पाहुणा आबांची रायफल हातात घेतल्याशिवाय सहसा उठत नसे. चहा निवून जायचा, बायका स्वयंपाकघरातून खोकून इशारे द्यायच्या, तरी बाहेर आपलं खांद्याला लावून बघणं चालूच. माझ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या सांगलीच्या मंडळींनी माझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्याकडे बघितलं. तेव्हापासून माझा त्या बंदुकीवर राग होता आणि तो मी कधी लपवला नाही.

आबा म्हणजे माझे वडील. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. रायफल त्यांच्या एका साहेबांनी जंगलात हिंडायला म्हणून हौसेने बनवून घेतलेली होती, आबांनी ती परवाना काढून त्यांच्याकडून विकत घेतली. नळी आखूड, वजन बेताचं. दुर्बीण नेहमीसारखी डोळ्याजवळ नव्हती, पुढे नळीवर बसवलेली होती, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता यायचा. उसातून चालताना लांब बंदूक पाल्यात अडकते, ही अडकत नाही, असं प्रत्येक जण स्वतः शोध लावल्यासारखा सांगायचा. शिकारीवर तोवर कायद्याने बंदी आली होती, त्यामुळे ती अडकण्याचा प्रश्नच नव्हता. पण हे मी म्हटलं की सगळे माझ्याकडे असे बघत, जणू मी देवाच्या मूर्तीचा भाव विचारलाय.

नव्वद साल उलटल्यावर काही वर्षांतच आबांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल. आबांना समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही, आणि ते समोरचंही हळूहळू आक्रसत चाललं होतं. रायफलीचं तेलपाणी ते आता चाचपून करत. पोलादावर कोरलेल्या नंबरावरून अंगठा फिरवत आणि एकेक आकडा म्हणून दाखवत. मला ते बघवत नसे.

एक दिवस त्यांनी जाहीर केलं की परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणाच्या आत ही विकायची. ज्याला दिसत नाही त्याने हत्यार बाळगू नये, हे त्यांचं फौजी म्हणणं, त्यात वाद नाही. आणि विकली नाही तर ती ठाण्यात जमा करावी लागणार. निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत, त्यामुळे तिथली खोली त्यांनी बघितलेली होती. मालक मेलेल्या, कुणी न नेलेल्या बंदुका तिथे कोपऱ्यात सरपणासारख्या पडलेल्या. डोळे जायच्या आत रायफल एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात स्वतःच्या हाताने द्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. आयुष्यात त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मग दाखवण्याचे कार्यक्रम सुरू झाले. सांगलीच्या बंदूकवाल्याने ती डोळे भरून बघितली, दुकानातल्या पोरांना बोलावून दाखवली आणि मग सांगितलं की हिचं कौतुक सगळे करतील, घेणार कुणी नाही. निवृत्त जवान बँकेत पहारेकरी म्हणून लागतात, त्यांना दुनळी बंदूक लागते. शेतकऱ्याला डुकरं हाकलायला फक्त बार काढायचा असतो. हिची काडतुसं मिळायची मारामार. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून आबांनी रायफल गवसणीत घातली आणि उठले. कवठे महांकाळचा एक द्राक्षबागायतदार जीप घेऊन आला, रायफल छातीशी धरून फोटो काढून घेतला, जेवला आणि गेला. आटपाडीहून एक जण आला, त्याने विचारलं की ही लांब करून मिळंल का. त्या दिवशी आबा जेवले नाहीत.

आणि मग खरं गिऱ्हाईक आलं. साताऱ्यातलेच एक निवृत्त कॅप्टन, वय आबांएवढंच, परवाना होता आणि हत्यार नव्हतं. त्यांनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, मग डोळे उघडले आणि दुर्बिणीतून खिडकीबाहेर बघितलं. खाली ठेवताना म्हणाले, "सुभेदारसाहेब, मला द्या. मी हिला जपेन." भावाची घासाघीस झाली नाही. दसऱ्याला यायचं, परवान्यावरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी ताडून बघायचा आणि सुट्टी संपली की दोघांनी मिळून कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा, असं ठरलं. ते गेल्यावर आबांनी आईला शिरा करायला सांगितला. लेकीचं लग्न ठरल्यावरही हा माणूस इतका खूश नव्हता, असं आई मला फोनवर म्हणाली आणि हसली.

दसऱ्याच्या आधी आबा डोळे दाखवायला मिरजेला आले आणि चार दिवस माझ्याकडे सांगलीत राहिले. त्या दिवसांत साताऱ्यात जे झालं ते असं. माझा थोरला भाऊ, दादा, औद्योगिक वसाहतीत एका पॉलिशच्या कारखान्यात होता. गंजलेल्या सायलेन्सरपासून दाराच्या मुठींपर्यंत सगळं तिथे चाकावर धरून घासायचं आणि वर निकेलचा मुलामा द्यायचा. जुनी गाडी चकचकीत केली की गिऱ्हाईक भाव पाडत नाही, हे त्याने रोज बघितलेलं. त्यातून खंडेनवमी तोंडावर. त्या दिवशी आमच्याकडे विळ्याकोयत्यापासून पान्यापर्यंत सगळी हत्यारं, अवजारं घासूनपुसून पूजेला मांडतात, आणि कारखान्यातही मशिनींना हार घालतात. दादाने आईकडून रायफलीच्या कपाटाची किल्ली घेतली, दस्त्याचं लाकूड सोडवून ठेवलं आणि सगळं पोलाद सतरंजीत गुंडाळून कारखान्यात नेलं. आबांना आनंद व्हावा, शेवटच्या पूजेला ती नवी नवरी दिसावी, एवढाच त्याचा हेतू. हे मी आजही शपथेवर सांगेन.

मी आबांना घेऊन खंडेनवमीला सकाळी पोचले. रायफल झेंडूच्या हारांखाली होती आणि हारांच्या फटींतून आरशासारखी चमकत होती. आबांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही, त्यामुळे त्यांनी हात लावला नाही. काहीतरी लई लकाकतंय असं म्हणाले. दादा माझ्याकडे बघून हसला. मलाही बरं वाटलं. नंबराचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

दसऱ्याला दुपारी कॅप्टन आपट्याची पानं घेऊन आले. आबांनी हार बाजूला केला, रायफल उचलून त्यांच्या हातात दिली. कॅप्टनांनी ती उलटली, खिडकीपाशी नेली, चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. परवाना उघडून हातात धरलेला. मग त्यांनी विचारलं, हिचा नंबर कुठे गेला?

दादा मोकळेपणाने म्हणाला, "घासताना गेला वाटतं. त्याचं काय एवढं, साहेब, कारखान्यात आकड्यांचे पंच हायत. उद्याच्याला नवा मारून देतो."

कॅप्टनांनी रायफल खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. नंबर खोडलेलं हत्यार विकत घेणं सोडाच, जवळ ठेवणंही गुन्हा आहे आणि नवा नंबर मारणं त्याहून मोठा, हे त्यांनी दादाला हळू आवाजात समजावून सांगितलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. आबा पुढे आले. नंबराच्या जागी त्यांनी अंगठा ठेवला आणि फिरवला. पुन्हा फिरवला. पोलाद काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. मी आबांना लढाईच्या गोष्टी सांगताना ऐकलंय, आजोबा गेले तेव्हा खांदा देताना बघितलंय, पण तसा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता.

"लई चकचकीत केलीस रं," एवढंच ते म्हणाले.

कॅप्टनांनी जाताना आबांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि दोघंही मान खाली घालून उभे राहिले. त्यानंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन ठाण्यात गेले, दादा मागोमाग आला. नजर नाही, चुकून मीच घासून घेतली, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी आबांचे डोळे बघितले, बाहेर झाडाखाली उभा असलेला दादा बघितला, आणि आबांनी सांगितलं तसंच लिहून घेतलं. परवाना रद्द झाला. रायफल आधी त्या खोलीत गेली आणि नंतर हुकूम आला तशी तोडून वितळवायला गेली. ज्या कॅप्टनांनी तिला डोळे मिटून पारखलं होतं त्यांच्या घरापासून ठाणं फार लांबही नव्हतं.

आबांनी थेंब घालायचे सोडले. मी भांडले, रडले, नवऱ्याला मध्ये घातलं. मिरजेला यायला ते तयार नव्हते. "आता बघायचं काय ऱ्हायलंय?" असं शांतपणे विचारायचे. त्यांना पूर्ण दिसेनासं झाल्यावर दादाच त्यांना हाताला धरून अंगणात आणून बसवायचा, दाढी करायचा, पेपर वाचून दाखवायचा. आबा त्याला कधी वाकडं बोलले नाहीत. दादा वाळत चालला होता.

एकदा मी निघताना तो मला फाटकापाशी म्हणाला, "आबांस्नी सांग, एकदा तरी मला शिव्या घाला म्हणावं."

मी मागे फिरले आणि आबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला? त्यानं माझ्यासाठीच केलं न्हवं."

हे मी दादाला सांगितलं नाही. शिव्या त्याने सोसल्या असत्या.