तीन मेणबत्त्या आणि पाणी

माझी आई बावीस वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. शाळा तिची सातवीतच सुटलेली. आत काय शिकवतात ते बेसिनपाशी उभं राहून कानावर पडेल तेवढंच. पण रविवारी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात असायचं. लिंबू, खायचा सोडा, फुगे, आणि ओट्याला चिकटलेल्या आम्ही दोघी बहिणी.

एकदा तिनं ताटलीत पाणी घेतलं, मधे मेणबत्ती पेटवली आणि वर ग्लास उपडा घातला. मेणबत्ती विझली, पाणी सरसर ग्लासात चढलं.

"मला माहितीये!" धाकटी म्हणाली. "ज्योतीनं ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्यानं घेतली. बाईंनी सांगितलंय."

"मग तीन मेणबत्त्या लावल्या तर?" आईनं विचारलं.

"तेवढंच चढणार. ग्लासात ऑक्सिजन तेवढाच ना!"

"लावून बघू."

पाणी जवळजवळ दुप्पट चढलं. धाकटीचं तोंड बघण्यासारखं झालं. आईनं पुन्हा सगळं मांडलं आणि आमची डोकी ताटलीपाशी वाकवली. ग्लास टेकताना काठाखालून बुडबुडे निसटत होते. तापलेली हवा फुगून बाहेर पळत होती; ज्योती जास्त, तेवढी जास्त. ज्योत विझली की उरलेली गार होऊन आकसायची आणि पाणी आत घुसायचं.

सोमवारी धाकटीनं भर वर्गात सांगितलं, "बाई, ते तसं नाहीये."

"कोण म्हणतं?"

"माझी आई."

बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून आईला बोलावलं. "कशाला गं पडले मी यात?" म्हणत आईनं तीनदा केस विंचरले. तरी पिशवीत ग्लास, ताटली, मेणबत्त्या घेऊन गेलीच. मी माझ्या वर्गातून सटकून खिडकीशी उभी राहिले.

चाळीस मुलांसमोर तिचा आवाज फुटेना. मग तिनं बोलायचं सोडून दिलं आणि सरळ मेणबत्त्या पेटवल्या. एक, मग तीन. मुलं बाकांवर चढली. बाईंनी स्वतः दोनदा करून पाहिलं आणि फळ्यावर लिहिलेलं ऑक्सिजनचं कारण पुसलं.

"पंधरा वर्षं चुकीचं सांगत आले मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं शिकलात हे?"

"शिकले नाही हो. पोरींबरोबर बघितलं."

खिडकीबाहेर माझी छाती अशी फुगली की बास! "ती माझी आई," मी शेजारून जाणाऱ्या शिपाईकाकांना उगाचच सांगितलं.

त्या संध्याकाळी आईनं बाबांना ही हकीकत जेवताना सांगितली, भांडी आवरताना सांगितली, अंथरुणं घालताना परत सांगितली. आणि बाबा दरवेळी विचारत राहिले, "मग? मग बाई काय म्हणाल्या?"