आधी रंग

राजूर घाट उतरताना ब्रेक जळल्याचा वास आला की मी आजही काच खाली करतो आणि गाडी कडेला घेतो.

ताईच्या लग्नाआधी बाबांनी आमची म्हातारी गाडी गफूरमिस्त्रींकडे नेली होती. लग्न घाटाखाली, नवरदेवाच्या गावी होतं आणि नवरी त्याच गाडीतून जाणार होती. गाडीखालून बाहेर येत मिस्त्री म्हणाले, "भाऊ, लायनर पार घासले. आधी ब्रेक करून घ्या, घाटात धोका देईन."

"आधी रंग मारा," बाबा हसले. "मांडवापाशी पाहुण्यायले रंग दिसते, ब्रेक दिसते काय? ते लग्न झाल्यावर पाहू."

आम्हीही हसलो. मोरपंखी रंग ताईनंच निवडला. त्या चकचकीत दाराला टेकून काढलेला तिचा फोटो आता भिंतीवर आहे, हार घातलेला.

लग्नाच्या सकाळी झेंडूनं सजलेली ताईची गाडी पुढं होती, भाड्याच्या जीपमध्ये आम्ही मागं. घाटाच्या पहिल्याच वळणावर झेंडूच्या वासात दुसराच वास मिसळला.

"काय जळून राह्यलं हो?" आईनं विचारलं.

बाबांनी पुढच्या गाडीकडे बघितलं. मग त्यांनी जीपची काच वर केली.