पाण्याखालचा श्वास

कुदळ दादाच्या डोक्यासाठी उगारलेली होती. तो सरकला, म्हणून ती त्याच्या नडगीवर आली. मी तलावाच्या पाळीवर, हातभर अंतरावर उभा होतो. हाड वाचले, पण कातडी मांसासकट सोलून निघाली आणि पाळीवरचे गवत रक्ताने माखले. मारणारा आमचा चुलतभाऊ होता. त्याच कुदळीवर रेलून तो धापा टाकत उभा राहिला.

भांडण तुडुमाचे होते. तुडुम म्हणजे तलावातून धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, पाणी सोडणारी पायऱ्यापायऱ्यांची मोरी. प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकात लाकडी बूच. तलाव भरलेला असला की बूच काढायला बुडी मारावी लागते, आणि आमच्या घराण्यात हे काम थोरल्याचे. दादाने त्या सकाळी काढलेले बूच चुलतभावाने, पाणी पुढे लागेल म्हणून, परत ठोकले. दादाने त्याच्या कानशिलात लगावली. मग कुदळ उठली.

दादाला कित्येक वर्षांपासून मधुमेह आहे. जखम भरेना. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की जखमेवर मांडीची कातडी लावावी लागेल. परंतु साखर आटोक्यात आल्याशिवाय लावलेली कातडी धरणार नाही, आणि दरम्यान जखम चिघळली तर पाय कापावा लागेल. इन्सुलिन वाढवले, भात कमी केला. चालणे मात्र बंदच होते. म्हणून तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी दादाच्या हातात एक लहानसे प्लास्टिकचे यंत्र ठेवले. ते तोंडात धरून श्वास आत ओढायचा; आतली स्प्रिंग विरोध करते आणि छातीला जोर लावावा लागतो. श्वासाचे स्नायू हेही स्नायूच. त्यांना काम दिले की तेही रक्तातली साखर वापरतात. हा व्यायाम औषधाच्या जागी करायचा नाही, औषधाच्या जोडीला करायचा, हे त्यांनी दोनदा बजावले.

दादाने यंत्र खिशात घातले. "पाय उभा होऊ दे. त्याचं डोस्कं फोडल्याशिवाय मी मरत नाई."

मी गोंदियाजवळ मुर्रीला राहतो. रेल्वेने सौंदड स्टेशनला उतरून गावी जायचे आणि दादाची साखर तपासायची, हा माझा नेम झाला. एकदा मी पोहोचलो तेव्हा भात कमी वाढला म्हणून दादाने ताट भिरकावले होते आणि वहिनींच्या भुवईतून रक्त ओघळत होते. मी त्याचा हात धरला, तर त्याने कोपराने माझा ओठ फोडला.

"तुई शाळा शाळेतच ठेव, मास्तर."

वहिनी पदराने रक्त टिपत म्हणाल्या, "हाना, आनखी हाना. एका पायाचे झाल्यावर कोनाले हानता तेबी पाहतो आमी."

साखर उतरत नव्हती. व्यायाम मात्र तो रोज करत होता, दार लावून. एका सकाळी मी दार ढकलले. डाव्या हाताने नाक चिमटीत, यंत्र तोंडात, डोळे मिटलेले. त्याने एकदा ओढले आणि मग छाती हललीच नाही. चेहरा जांभळा पडला, गळ्याच्या शिरा दोरासारख्या वर आल्या, आणि तो बाजेवरून कोसळला. कपाळ बाजेच्या खुरावर आपटले, नडगीची जखम पुन्हा उघडली. पट्टीतून रक्त ठिबकत असताना मी प्रथम साखर पाहिली. ती कमी झालेली नव्हती; म्हणजे चक्कर तिच्यामुळे आली नव्हती.

त्याच दिवशी आम्ही गोंदिया गाठले. पट्टी बदलून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, करून दाखवा."

दादाने ओढले आणि थांबला.

"अरे, दम कशाला रोकून राहिले?"

"बुचापावतर जाऊन परत या लागते ना. पान्यात दम सोडला तं मानूस मरते."

"इथं पाणी नाही, काका. खींचा, छोडा. नाकाला हात नाही लावायचा. फिर से खींचा."

"मंग आतापावतर मी काय केलो?"

"डुबक्या मारल्या."

दादा हसला. जखम झाल्यापासून पहिल्यांदाच हसला असावा.

ओढणे आणि सोडणे हे त्याला नव्याने शिकावे लागले. वहिनी समोर बसून म्हणत, "सोडा आता," आणि तो शिव्या देत सोडे. हळूहळू साखर उतरली. त्यात इन्सुलिनचा वाटा किती आणि श्वासाचा किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही. डॉक्टरांनी कातडी लावली. ती धरली. पाय राहिला.

आणि पाय उभा होताच दादा काठी घेऊन तलावावर निघाला. मी मागे धावलो. धानाला पाणी हवे होते. चुलतभाऊ बूच काढायला बुडी मारून मारून रिकाम्या हाताने वर येत होता. तो काठाशी येताच दादाने काठी घातली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. चुलतभावाने रक्त थुंकले आणि दादाचा गळा धरला. दोघे गुडघाभर पाण्यात गेले. मी मध्ये पडलो, तर मलाही लाथ बसली.

मग चुलतभावाची नजर खाली गेली. गळ्यावरची पकड तशीच ठेवून तो म्हणाला, "तुई पट्टी ओली होऊन राहिली बे. मांगं सर."

"तू आदी बूच काढ."

"निंगत नाई."

"तुले श्वास भरता येत नाई तं निंगन कसं? पोटातून ओढ. पोटातून."

चुलतभावाने गळा सोडला, पोटातून श्वास ओढला आणि खाली गेला. दादा मागे सरून पाळीवर बसला होता, ओठ घट्ट मिटून, छाती स्थिर. त्याचा चेहरा जांभळा होऊ लागला तेव्हा मी म्हणालो, "दादा, सोड." त्याने मान हलवली, पण सोडला नाही.

पाणी फुटले. चुलतभाऊ वर आला, आणि त्याने फेकलेले बूच दादाच्या काठीजवळ येऊन आदळले.

दादाने श्वास सोडला आणि बूच उचलले. "उद्या याच्यानंच हानतो तुले," तो म्हणाला. पाणी बांध्यांकडे निघाले होते. मी खाली बसून त्याची ओली पट्टी सोडू लागलो.