वच्छलाबाईंच्या बागेची सेवा

पुण्याहून निघताना आमच्या गाडीत आठ सेवक, ब्लँकेटांचे गठ्ठे, बिस्किटांची खोकी आणि एक गिटार होती. नववा मी, ड्रायव्हर. सेवकांचे प्रमुख सॅमसन सर म्हणाले, आपण मध्य प्रदेशातल्या अतिशय मागास खेड्यांत चाललोय, मन घट्ट करा. माझं मन तसं कायमच घट्ट असतं. आठवीत शाळा सोडल्यापासून आज कामावरून काढतील की उद्या, याच विचारात मी गाडी चालवतो. घर लांब, श्रीरामपूरकडे, ऊसपट्ट्यात. सरांनी मला मिशनच्या गाडीवर घेतलं, राहायला खोली दिली, हे उपकार मी विसरणार नाही.

मंडळींनी दोन महिने घासून हिंदी गीतं बसवली होती. नागपूर मागे पडलं, बोरगाव गेलं, सौसर आलं आणि टपरीवरच्या चहावाल्याने विचारलं, "कुठून येऊन राहिले जी?" मराठी ऐकून गाडीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांसकट सगळे सेवक इंग्रजी-हिंदीवाले, त्यांचं मराठी सोसायटीच्या वॉचमनपुरतं. तेव्हा त्या टपरीवरच माझी एकमताने दुभाषी म्हणून नेमणूक झाली. पगार तोच.

पहिला दिवस पांढुर्ण्याच्या बाजूला गेला. एका आजोबांनी आमच्या पोरांचे पातळ टी-शर्ट पाहिले आणि हातातलं ब्लँकेट परत पुढे केलं. म्हणाले, "याइलेच (यांनाच) द्या, कुडकुडून राहिले बिचारे." मी भाषांतर केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोहगावपुढच्या एका गावी गेलो. सरांनी गाडीतच बजावलं होतं, इथे धर्मांतराविरुद्धचा कायदा कडक आहे, धर्माचा शब्द काढायचा नाही, फक्त सेवा. तिथल्या वच्छलाबाई नावाच्या शेतकरी बाईंनी वाटपासाठी आपलं अंगण दिलं होतं. वाटप अर्ध्या तासात उरकलं, कारण अर्धं गाव वावरात (शेतात) कापूस वेचत होतं. बाईंचा नवराही कापूस घेऊन सौसरला गेलेला. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं सांगून बाई मुलीला घेऊन चुलीशी बसल्या. आता गीत नाही, बायबलचं वचन नाही, वाटायलाही काही नाही. सेवकांचे हात शिवशिवायला लागले.

घरामागे संत्र्याची बाग होती. पानं मलूल होऊन वळलेली, खाली पिवळा सडा. आमच्यातल्या एका ताईंचे डोळे भरून आले. सर मला म्हणाले, तू शेतकऱ्याचा मुलगा, काय झालंय या झाडांना?

जन्मात पहिल्यांदा कुणी मला जाणकार समजून काही विचारत होतं. आणि ऊसवाल्याला झाडाचा एकच आजार माहीत असतो. "पाण्यावाचून मरतायत, सर," मी ठामपणे सांगितलं.

विहिरीला पाणी होतं, भिंतीवर स्टार्टर होता, पाइप होता. एवढं सगळं असताना बाईंनी पाणी का दिलं नसेल, हे नऊ डोक्यांपैकी एकातही आलं नाही. मोटर मी चालू केली. सेवकांनी पाळीपाळीने पाइप धरला, फोटो काढले, पुन्हा धरला. शेजारची मोटर असेल असं समजून बाई आत भाकरी थापत राहिल्या. विहिरीजवळच्या सहा झाडांची आळी तुडुंब भरली, तेव्हा त्या पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि आधी मोटर बंद केली.

"काय करून राहिले जी तुम्ही? महिना झाला, मी झाडाइले ताण देऊन राहिली!"

ताण म्हणजे काय, तेही मग त्यांनीच समजावलं. झाड मुद्दाम तहानलेलं ठेवायचं. मग वेळ पाहून पाणी सोडलं की बहार येतो. मधेच पाणी मिळालं की नुसती नवती (कोवळी पालवी) फुटते, फूल धरत नाही. बाकीची बाग नवऱ्याची, पण विहिरीजवळची ती सहा झाडं त्यांची स्वतःची. त्यांच्या मालावर ज्योतीला, म्हणजे मुलीला, जुनी स्कुटी घ्यायची होती. ती पांढुर्ण्याला कॉलेजात जाते आणि गावातून वेळेवर बस नाही. ज्योती मागल्या दारात उभी होती. ओल्या आळ्यांकडे बघत होती.

सर गहिवरून म्हणाले, "काय म्हणतायत त्या?"

नोकरी, खोली, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. "आभार मानतायत," मी म्हणालो. सेवकांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कायच्या वाजवून राहिले हे पोट्टे?" बाईंनी मला विचारलं.

मी ज्योतीकडे पाहिलं आणि सरांना सगळं खरं सांगितलं. झाडं मरतायत हे कुणी म्हटलं, मोटर कुणी लावली, तेही. सरांनी हातातला पाइप हळूच खाली ठेवला. मग कायदाबियदा विसरून त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, झाडांसाठी प्रार्थना केली तर चालेल का?

"करा नं," वच्छलाबाई म्हणाल्या. "फक्त पाऊस नका मागू."

एवढं होऊनही त्यांनी आम्हाला जेवू घातलं. वांग्याचं भरीत, भेदराची (टोमॅटोची) चटणी, गरम भाकरी. आग्रह तर असा, की जणू आम्ही काही भलं करून बसलोय. तिखटाने सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते पाणी तरी कुणाच्या मुळाशी गेलं नाही.

परतल्यावर रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायची होती, म्हणजे सेवेचा अनुभव सांगायचा होता. पडद्यावर पाइपाचा फोटो आला, खाली 'तहानलेल्या बागेला जीवन'. टाळ्या पडल्या. सरांनी मला पुढे बोलावलं. मी म्हणालो, त्या झाडांचा उपास चालू होता आणि तो आम्ही मोडला. यावर कुणी टाळी वाजवली नाही. नोकरी मात्र गेली नाही, देवाचे आणि सरांचे आभार.

फेब्रुवारीत धीर करून वच्छलाबाईंना फोन लावला. म्हणाल्या, बाकीची बाग फुलांनी पांढरी झाली, वासानं घर भरून गेलं. "तुमची सहा झाडं मात्र लय हिरवी दिसून राहिली." त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं वाटलं असतं. मी ज्योतीच्या कॉलेजचं विचारलं.

"जाते नं बसनं. पहिला तास बुडते फक्त."

त्यांना ते फार मोठं वाटलं नसावं. माझीही शाळा काही एकदम सुटली नव्हती. आधी पहिला तासच बुडायचा.