आत्यांच्या शाळेतली फरशी

आत्यांच्या शाळेच्या अंगणात शहाबादी फरशी मी घातली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितली नव्हती. आत्या आठवडाभर निपाणीला पाहुण्यांकडे गेल्या होत्या, आणि त्या परत यायच्या आत त्यांना खूश करून सोडायचं असं माझ्या डोक्यात आलं. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याबद्दल उगाच बरं मत व्हायला नको.

आत्या म्हणजे आमच्या बायकोच्या आत्या. पोराला त्याच्या सख्ख्या आईनं ओळखू नये इतकं मळवून घरी पाठवणारी दुसरी बाई कोल्हापुरात झाली नाही, आणि पृथ्वीवर कुठं झाली असेल असं मला वाटत नाही. नव्वद सालानंतरची ती वर्षं. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा उगवत होत्या, अडीच वर्षांची पोरं गळ्यात टाय बांधून रिक्षात कोंबली जात होती, आणि शिवाजी पेठेत आपल्या घरामागच्या परड्यात आत्या लहान पोरांची शाळा भरवत होत्या. फळा नाही, पाटी नाही, बाक नाही. दोन चिंचा, एक शेवगा आणि माती. पण माती म्हणजे आपण झाडून टाकतो ती नव्हे. तांबडी, मऊ, आखाड्यात असते तशी.

त्याचं असं की आत्यांचे वडील पैलवान. तालमीतल्या मातीत घालायला ताक लागायचं, त्याची चरवी लहानपणी आत्या रोज नेऊन द्यायच्या. पण उंबऱ्यापर्यंतच. आत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. "ताक आमच्या घरचं, आन् पाय लावायची बंदी बी आमालाच!" असं सांगून त्या खो खो हसायच्या. पुढं यजमान गेले, परडं त्यांच्या एकटीच्या ताब्यात आलं, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? तांबडी माती आणून ओतली. तिला ताक पाजलं, तेल, हळद, लिंबू दिलं, आणि पदर खोचून रोज सकाळी खोऱ्यानं ती स्वतः खालीवर करायला लागल्या. वर्षानुवर्षं. आणि मग तिच्यात पोरं सोडली.

शाळेत प्रवेश मिळायचा तो मूठभर मातीवर. ज्यानं त्यानं आपल्या दारातली मूठभर माती आणायची आणि आत्यांच्या मातीत मिसळायची, झालं अ‍ॅडमिशन. शाहूपुरीतले एक वकीलसाहेब तिसऱ्या मजल्यावर राहायचे. ते प्लास्टिकच्या पिशवीतून माती घेऊन आले. आत्यांनी ती हुंगली आणि म्हणाल्या, "ह्ये कुंडीतलं हाय. पोरगं बी कुंडीतच वाढवायचं हाय व्हय?" वकीलसाहेब निमूट आपल्या गावी जाऊन शेतातली माती घेऊन आले. चपला दाराबाहेर काढायच्या, हा दुसरा नियम. त्याला अपवाद नाही. पोराला न्यायला आलेला एक फौजदार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गोगलगाय बघत उकिडवा बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

शिकवण्याची रीत तर विचारूच नका. सकाळी गिऱ्हाइकासमोर धार काढायला दूधकट्ट्यावर जाणाऱ्या म्हशी परड्याच्या कुंपणाजवळून जायच्या, तेवढंच गणित. एक म्हस, दोन म्हशी, तीन म्हशी, लई म्हशी. एका आईनं तक्रार केली, की बाई, तीनच्या पुढं काहीच येत नाही हो त्याला. आत्या म्हणाल्या, "लई झाल्यावर मोजायचं कशाला? बघायचं की!" एका बापानं सिलॅबस विचारला. "उन्हाळा, पावसाळा, हिवाळा," आत्या म्हणाल्या, "आन् त्यो दरसाली बदलत न्हाय." मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की शाळेत सगळ्यांनी गप्प बसायचं, कारण कुणाच्या घरच्या कार्यात आपण आरडाओरडा करतो का?

आमची पल्लवी याच शाळेत. ती घरी आली की बायको तिला आधी मोरीत उभी करायची आणि मग तिच्यातून आमची मुलगी बाहेर काढायची. फ्रॉक सगळे तांबडे. बायको धुता धुता बोलायची, आणि ते बोलणं स्वाभाविकच आत्यांना न ऐकवता मला ऐकवायची. इतर पालकही माझ्यापाशीच कुरकुरायचे, कारण आत्यांपाशी कुरकुरण्याची कुणाची छाती नव्हती. माझं दुकान फरशीचं. आता सुताराला जसं जगात सगळीकडं लाकूड दिसतं, तसं मला उघडी जमीन दिसली की तळवे खाजतात. त्यात एक चांगला लॉट दुकानात उरलेला. आत्या निपाणीला गेल्या आणि माझ्या अंगात उदारपणा संचारला.

काम मात्र झक्कास केलं. नुसतं वरून झाकलं असतं तर एक वेळ ठीक. पण मी पडलो धंद्यातला माणूस. भुसभुशीत मातीवर फरशी बसत नाही, खचते. म्हणून माणसं लावून सगळी माती उकरून काढली, ट्रॉलीत भरली, आणि एका बंगल्याचं जोतं भरायचं होतं तिथं भरावाला पाठवून दिली. इकडं मुरूम, तो धुम्मसानं ठोकून ठोकून घट्ट केलेला, वर सिमेंटचा माल, वर फरशी. सांधे असे भरले की मुंगीनं वाट विचारावी.

आत्या आल्या. सवयीनं दारातच चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. दोन पावलं चालून थांबल्या. मी टाळ्या वाजवायच्या बेतात.

"गार लागतंय की," त्या म्हणाल्या.

मग खाली बसून त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. "चांगली बसवलीया, पावणं. धार कुटं वर आल्याली न्हाय." आणि उठता उठता, "माती कुटं टाकली?"

मी सांगितलं. जोत्याच्या भरावाला म्हणून. मोठ्या अभिमानानं. त्या "बरं" म्हणाल्या आणि घरात गेल्या. जावयाला बोलायचं नाही ही आमच्यातली रीत, ती त्यांनी पाळली. एरवी देवाला न सोडणारी ती बाई त्या दिवशी तेवढी रीत पाळून बसली, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. थोडी बावरली. मग काय झालं कुणास ठाऊक, एकेकानं एकेक फरशी धरली आणि मांडी घालून, हाताची घडी घालून सगळी ओळीत बसली. कुणीही सांगितलं नव्हतं. आत्या चिंचेखाली उभ्या राहून बघत होत्या. पालकांना केवढा आनंद! "आता कशी शाळा शाळा वाटायला लागली!" फरशी आली म्हणून बाक आले, बाक आले म्हणून फळा आला, फळ्यावर एबीसीडी आली, युनिफॉर्मची बोलणी सुरू झाली. आत्या महिनाभर फळ्यापुढं उभ्या राहिल्या. परीक्षेला बसवलेल्या पोरासारख्या दिसायच्या. पुढच्या जूनला शाळा भरलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघं दुखत्यात." गुडघे ठणठणीत होते. मी पाहत होतो ना.

मी फरशी उखडून देतो म्हटलं. नवी तांबडी माती आणतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मातीचं काय, पावणं, मिळंल की. तिला मुरायला सालं लागत्यात. आता माज्यात तेवढी न्हाईत." तरीही मी एकदा त्या बंगल्याच्या मालकाकडं गेलो आणि तुमच्या हॉलखालची माती परत मिळेल का, असं विचारलं. त्यानं मला पाणी दिलं, पंखा लावला आणि घरून कुणाला बोलावू का म्हणून विचारलं.

नंतरही आत्या आमच्याकडं यायच्या, पल्लवीला शेतावर न्यायच्या, मला पावणं म्हणायच्या, चहाला थांबायच्या. फक्त परड्यात जाताना चपला काढायच्या बंद झाल्या. चपला घालूनच त्या फरशीवरून चालायच्या. मला वाटतं, माझ्यावरचा त्यांचा सगळा राग तेवढाच होता.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेल्या. आमच्यात दहन नसतं, पुरतात. आलेला प्रत्येक जण मूठभर माती देतो. आत्यांची शाळेतली पोरं आली होती. कुणी इंजिनियर, कुणी कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर, एक तर खुद्द वकील, कुंडीतला. सगळी आता मिशा आलेली, साड्या नेसलेली. दफनभूमीच्या दारातून आत येताना एकेकानं बूट-चपला बाहेर काढल्या आणि सगळी अनवाणी पुढं आली. कितीतरी जणांनी माती रुमालात बांधून घरून आणली होती.

सगळं उरकल्यावर भावकीतले एक वडीलधारे मला म्हणाले, "वर काहीतरी बांधाय पायजे बघा." माझी नजर लगेच लांबी-रुंदीवर गेली. हात शर्टाच्या खिशातल्या टेपकडं गेला, तोंडातून निघूनही गेलं, "काळा कडाप्पा घालू, पॉलिशचा. उठून दिसेल."

पल्लवी शेजारीच उभी होती. अनवाणी, तळवे तांबडे झालेले. माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"पप्पा, ह्या मातीतनं तरी तिला बाहेर काढू नका."