फक्कीची बॉर्डर

"तू कशाला हात वर करतेस? तुम्ही तर बॉर्डरवरच राहता."

आठवीच्या भरल्या वर्गात इंग्रजीच्या सरांनी मला हे ऐकवलं. बॉर्डर या शब्दाचा अर्थ कुणाला येतो, असं त्यांनीच विचारलं होतं. पाटलांची मुलगी म्हणाली, साडीचा काठ. मागून एकजण म्हणाला, देशाची सीमा. मला तिसरा अर्थ येत होता, वहीच्या पानाची चौकट. तो तोंडातच राहिला. आमची बौद्धांची आळी गावाच्या टोकाला, पारोळ्याच्या रस्त्यालगत. वर्गात हे सगळ्यांना ठाऊक. सगळे हसले. मीही हसले. सरांच्या बोलण्यापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची लाज आजही जास्त वाटते.

ही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. त्यानंतर तो शब्द माझी पाठच सोडीना. आमच्या आळीतलं कुणी पस्तीस मार्कांवर पास झालं की सर म्हणायचे, "बॉर्डर केस." माझा हात चांगला, म्हणून वर्गाबाहेरच्या फळ्यावर वेलबुट्टीची बॉर्डर मी काढायची. आतला सुविचार पाटलांच्या मुलीनं लिहायचा. अक्षर माझं तिच्याहून चांगलं होतं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? होतं.

त्या जानेवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. इंग्रजीत मी वर्गात पहिली आले होते. बक्षीस मिळणार होतं. मायला आठ दिवस आधीपासून सांगून ठेवलेलं. ती कापूस वेचायला जायची. म्हणाली, खाडा करीन, पण येईन.

सकाळीच सरांनी मला फक्कीची बादली दिली. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. म्हणाले, "मंडपाच्या चारी बाजूंनी बॉर्डर मार. आत पाहुणे आणि गावातली मंडळी बसतील. तुमच्या आळीतल्या बाया लिंबाखाली, बॉर्डरच्या बाहेर. कळलं?"

कळलं. आणि तरी मारली. दोरी ताणून, वाकून वाकून, कुठं जाड नाही की कुठं बारीक नाही. सर म्हणाले, "वा, सुबक." मी खूश झाले. खोटं कशाला बोलू, फार खूश झाले.

दुपारी माय आली. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तरातरा चालत आली आणि रेघेपाशी थबकली. खाली पाहिलं. तिला कुणी काही बोललं नव्हतं. तिथं अडवायला माणूसही नव्हता. माझी रेघ होती, तेवढी पुरली. दोन पावलं मागं सरून ती मातीत बसली. आत मागच्या सतरंज्या रिकाम्या होत्या.

कुणावर चिडावं तेच कळेना. सरांवर, मायवर, की माझ्या पांढऱ्याफटक हातांवर. मी पळत तिच्याकडे गेले.

"माय, मझार ये."

"आठेच बरं शे," ती तिथंच बसून म्हणाली. "बठ्ठा देखी ऱ्हायनात. तू जाय, बक्षीस लई ये."

मी तिला हात धरून आत ओढलं. सगळे बघताहेत म्हणून ती उठेना. मग मी पायानं रेघ विस्कटली. चांगली हातभर. चप्पल नव्हती पायात, फक्की बोटांत भरली. माय घाबरली. गुडघ्यावर आली आणि दोन्ही हातांनी फक्की गोळा करून ती रेघ पुन्हा नीट करायला लागली. माझी माय. माझी रेघ.

मी तिचे हात धरले. तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. सर लगबगीनं आमच्याकडे आले.

"अगं, पाहुणे थांबलेत. चल वर."

मी मायच्या शेजारी मातीत बसले. मांडी घालून. तिथूनच म्हणाले,

"सर, माय आत बसल्याशिवाय मी येणार नाही. तोवर बक्षीस द्यायचं असेल तर इथं आणून द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. "माज आलाय," एवढंच बोलले आणि परत गेले. बक्षीस दुसऱ्या नंबरच्या मुलीला दिलं. टाळ्या झाल्या. माय पदराआड रडत होती. मला रडू आलं नाही. अंगात नुसती आग.

घरी जाताना ती रस्ताभर एकच घोकत होती, "सकाय जाय, सरना पाय धर. तुनी शाया सुटी जाई."

"मी नही धरस," मी म्हणाले.

तिनं मला मारलं. रस्त्यातच, पाठीत, दोनदा. मी मार खाल्ला आणि तेच पुन्हा म्हणाले. ती भ्यायली होती, आणि तिचं भय खरं होतं. शाळा सुटली असती तर मला दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर कापसात जावं लागलं असतं. ते मला कबूल होतं.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर शाळेत गेले. पाय धरायला नाही. हजेरीत माझं नाव आलं तेव्हा उभी राहिले आणि सरांच्या डोळ्यांत पाहून "हजर" म्हणाले. ते हाकलतील तेव्हा हाकलतील. आपण होऊन मी आता कुठूनच मागं सरणार नव्हते.